फीत टिकली, यंत्र थकलं: घरातल्या डॅट रेकॉर्डरविषयी

विलंबित ख्याल रंगात आलाय आणि खट्‌ आवाज करून कॅसेट थांबते. ती काढून, उलटी करून पुन्हा सुरू करेपर्यंत एखादं आवर्तन हातातून गेलेलं असतं. ज्यांनी ज्यांनी घरच्या बैठका रेकॉर्ड केल्या, त्या सगळ्यांचं हे जुनं दुखणं. ९० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची, आणि त्यावर फितीची स्वतःची सरसर कायम ऐकू येणार. गायक श्वास घ्यायला थांबला, नुसता तानपुरा उरला, की ती सरसर नेमकी वर यायची.

अशा लोकांच्या हातात १९८७ नंतर एक नवी गोष्ट आली. साध्या कॅसेटच्या जवळपास निम्म्या आकाराची डबी, ७३ मिलिमीटर लांब आणि ५४ मिलिमीटर रुंद. तिच्यात दोन तास सलग, बाजू न उलटता, सरसर अजिबात नाही. हीच डॅट, म्हणजे डिजिटल ऑडिओ टेप. आज कपाट आवरताना या डब्या आणि त्यांचा डेक, म्हणजे त्या वाजवणारं यंत्र, सापडला की तीनच प्रश्न पुढे येतात. फिती अजून वाजतील का? डेकची निगा कशी राखायची? आणि यात पैसे घालावेत का? माझं मत आधीच सांगतो. फितींवर पैसे घाला, डेकवर फक्त त्या फिती कॉम्प्युटरवर उतरवून होईपर्यंत पुरतील एवढेच घाला. असं का, हे कळायला यंत्राच्या पोटात थोडं डोकवावं लागेल.

आत काय चालतं

साध्या टेपरेकॉर्डरमध्ये हेड, म्हणजे फितीवर आवाज लिहिणारा आणि वाचणारा भाग, जागेवर बसलेलं असतं आणि फीत त्याच्यावरून सरकते. डॅटमध्ये आवाज आकड्यांच्या रूपात लिहायचा असतो आणि आकडे प्रचंड असतात. डावा आणि उजवा असे दोन आवाज, प्रत्येकाची सेकंदाला ४८,००० मोजमापं, प्रत्येक मोजमाप १६ बिटांचं. गुणाकार केला तर सेकंदाला १५ लाख ३६ हजार बिट होतात. एवढं लिहायला फीत हेडवरून फार वेगानं न्यावी लागली असती आणि दोन तासांची फीत डबीत मावलीच नसती.

यावरचा तोडगा व्हीसीआरमधून, म्हणजे व्हिडिओ कॅसेटच्या यंत्रातून आला. हेडच फिरवायचं. ३ सेंटिमीटर व्यासाचा एक गुळगुळीत ड्रम मिनिटाला २,००० फेरे घेतो. त्याच्या कडेला समोरासमोर दोन बारीक हेड बसवलेली असतात. फीत मात्र सेकंदाला जेमतेम ८ मिलिमीटर सरकते, साध्या कॅसेटच्या एक षष्ठांश वेगानं. पण ड्रम फिरत असल्यामुळे हेड आणि फीत यांच्यातला प्रत्यक्ष वेग सेकंदाला ३ मीटरच्या वर जातो. म्हणून दोन तासांना सुमारे ६० मीटर फीत पुरते.

ड्रम किंचित कललेला असल्यामुळे फितीवर तिरप्या रेघा उमटतात. एका रेघेची रुंदी १३.६ मायक्रॉन, आणि एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरला, तर केसाच्या रुंदीत अशा पाच रेघा बसतात. फीत अर्ध्या केसाएवढी जरी वर-खाली झाली, तरी हेड भलत्याच रेघेवर जातं. डॅट डेकची बहुतेक दुखणी या एका आकड्यातून निघतात.

एक चांगली गोष्टही सांगायला हवी. व्हीसीआरमध्ये फीत ड्रमला अर्ध्याहून जास्त वेढा घालते, डॅटमध्ये फक्त पाव. ताण कमी, घर्षण कमी. त्यामुळे फीत ड्रमला लागलेली असतानाच ती भराभर पुढे-मागे पळवता येते. फितीच्या आयुष्याला याचा चांगलाच फायदा झाला.

किराण्याच्या बिलाचा हिशेब

फितीवर धूळ बसते, चुंबकीय थर एखाद्या ठिकाणी उडालेला असतो, हेडला कचरा चिकटतो. म्हणजे आकडे पुसले जाणारच. तरीही आवाज स्वच्छ येतो तो चूक-दुरुस्तीच्या गणितामुळे.

किराण्याचं बिल घ्या. पाच जिनसा, पाच रकमा, खाली बेरीज. बिलावर पाण्याचा थेंब पडला आणि साखरेची रक्कम पुसली. काही बिघडत नाही, बेरजेतून बाकीच्या चार वजा केल्या की साखर सापडते. पण थेंब मोठा असेल आणि डाळही पुसली, तर एका बेरजेवरून दोन रकमा निघत नाहीत. म्हणून डॅटमध्ये दोन युक्त्या एकत्र केल्यात. पहिली, आडवी बेरीज वेगळी आणि उभी बेरीज वेगळी, म्हणजे एकीनं सुटलं नाही तर दुसरी धावून येते. दुसरी, एकाच बिलातल्या रकमा शेजारी-शेजारी लिहायच्याच नाहीत, लांब लांब पसरून लिहायच्या. मग मोठा डाग पडला तरी तो प्रत्येक बिलातली एखादीच रक्कम घेऊन जातो. खरं गणित बेरजेपेक्षा बरंच खोल आहे, त्याला रीड-सॉलोमन पद्धत म्हणतात आणि सीडीतही तेच असतं. पण मर्म हेच.

डॅटच्या रचनेतली मला सगळ्यात आवडणारी बाब पुढेच आहे. डाव्या आवाजाची सम क्रमांकाची मोजमापं आणि उजव्याची विषम क्रमांकाची एका रेघेवर जातात, उरलेली शेजारच्या रेघेवर. शेजारच्या रेघा वेगवेगळी हेड लिहितात. म्हणजे एक हेड कचऱ्यानं पूर्ण बंद झालं तरी दोन्ही बाजूंची एकाआड एक मोजमापं हातात राहतात आणि मधली अंदाजानं भरता येतात.

तेव्हा डेककडे तीन पायऱ्या आहेत. आधी तो हिशेबानं अचूक दुरुस्ती करतो. ते जमलं नाही तर आजूबाजूची मोजमापं पाहून मधलं अंदाजानं भरतो. तेही जमलं नाही तर गप्प बसतो, आणि आपल्याला टरटर किंवा तुकड्यातुकड्यांनी गायब होणारा आवाज ऐकू येतो.

इथेच घरच्या माणसाची फसगत होते. साधी कॅसेट म्हातारी झाली की ऐकू येतं. आवाज मंद होतो, झांजेची धार जाते, सूर हेलकावे खातो. डॅट पहिल्या पायरीवर आहे तोवर अगदी पहिल्या दिवशीसारखी वाजते. रोज दहा चुका होत असोत की दहा हजार, कानाला फरक नाही. मग एक दिवस चुका दुरुस्तीच्या ताकदीपलीकडे जातात आणि परवापर्यंत निर्मळ वाजणारी फीत आज नुसती टरटरते. म्हणून ‘मागच्या वर्षी छान वाजली होती’ या वाक्यावर डॅटच्या बाबतीत अजिबात विसंबू नका. आवाज चांगला येतोय, यावरून डेक ठणठणीत आहे असं ठरत नाही.

काही डेकमध्ये, विशेषतः स्टुडिओसाठी बनवलेल्यांमध्ये, चुकांचा आकडा पडद्यावर पाहता येतो. पॅनासॉनिकच्या एसव्ही-३७०० मध्ये ती सोय होती. असा डेक मिळाला तर प्रत्येक फीत लावल्यावर तो आकडा वहीत लिहून ठेवा. सगळ्याच फितींचा आकडा वाढलेला दिसला तर दोष डेकचा, एकाच फितीचा वाढलेला दिसला तर दोष त्या फितीचा.

आधी काय मरतं

फितीपासून सुरुवात करू. डॅटची फीत धातूच्या अतिसूक्ष्म कणांची असते आणि दोन तासांच्या फितीची जाडी १३ मायक्रॉन. कोरड्या, थंड जागी ठेवलेल्या, थोड्याच वेळा वाजवलेल्या फिती आजही वाजतात. तिचे शत्रू म्हणजे दमट हवा, बुरशी आणि वेडावाकडा डेक. कोकणात किंवा मुंबईत लाकडी कपाटाच्या खालच्या खणात राहिलेल्या फिती उजेडात धरून, डबीच्या छोट्या खिडकीतून नीट पाहाव्यात. रिळाच्या कडेला पांढरी भुकटी किंवा जाळी दिसली तर ती फीत डेकमध्ये घालूच नका. एकीची बुरशी ड्रमला लागते आणि तिथून पुढच्या दहा फितींना.

त्या काळात काटकसर म्हणून काही जण कॉम्प्युटरच्या बॅकअपसाठी मिळणाऱ्या डीडीएस फिती वापरायचे. दिसायला तीच डबी. त्यातली ६० मीटरची ठीक होती. ९० मीटरची मात्र ९ मायक्रॉनची, म्हणजे बरीच पातळ. त्यावर तीन तास मावायचे, पण घरच्या डेकमध्ये ती चुरगळण्याची भीती जास्त. तुमच्या संग्रहात अशा असतील तर त्यांना हात शेवटी लावा, आणि त्या दिवशी डेक उत्तम चालत असला पाहिजे.

आता डेक. हेड झिजतं. डॅटच्या हेडचं आयुष्य साधारण १,००० ते २,००० तास धरायची रीत आहे. आठवड्याला दोन तास वापर म्हटला तर वर्षाचे १०० तास, म्हणजे दहा ते वीस वर्षं. घरगुती वापरात हेड झिजून संपण्याआधी दुसरंच काहीतरी जातं. फीत दाबून पुढे ढकलणारं रबर, ज्याला पिंच रोलर म्हणतात, ते वर्षांनी कडक आणि चकचकीत होतं आणि फीत सरळ धरत नाही. केसाच्या पाचव्या भागाएवढी रेघ आठवा. प्लॅस्टिकचे छोटे गिअर तडकतात. त्यांना लावलेलं ग्रीस वाळून मेणासारखं घट्ट होतं, मग डबी आत घेताना यंत्र अर्ध्यावर अडतं. फीत कुठवर आली हे सांगणारा आतला स्विच काळा पडतो. आणि सर्किटवरच्या छोट्या कंडेन्सरमधला द्रव गळून बोर्ड खातो.

यातलं सगळ्यात वाईट म्हणजे हे सगळं डेक नुसता पडून असतानाही होतं. ‘जपून ठेवलाय, पंधरा वर्षं हात लावलेला नाही’ असं कोणी अभिमानानं सांगितलं की मला काळजीच वाटते. महिन्यातून अर्धा तास चालवलेला डेक त्याहून बरा.

खिशात मावणारे छोटे डॅट वॉकमन, सोनीचे टीसीडी-डी७ किंवा डी८ सारखे, बैठकीत नेण्यासाठी सुंदर होते. पण एवढ्याशा जागेत फिरता ड्रम बसवायचा म्हणजे सगळे भाग नाजूक. जुन्या फिती उतरवायच्या कामाला मी टेबलावरचाच डेक निवडेन.

निगा

पहिला नियम पाण्याचा. थंड खोलीतून आलेल्या डेकच्या ड्रमवर दमट हवेचं दव धरतं, चष्म्यावर धरतं तसंच. ओल्या ड्रमला फीत चिकटते आणि ड्रम तर फिरतोच आहे. फीत तिथेच गुंडाळली जाते. बहुतेक डेकमध्ये दव ओळखणारा सेन्सर असतो आणि तो यंत्र थांबवतो. ती सूचना दिसली तर डेक चालू ठेवून, आत डबी न घालता, तास-दोन तास वाट पाहा. पावसाळ्यात फितींच्या डब्या घट्ट बंद होणाऱ्या पेटीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवाव्यात आणि पुड्या मधूनमधून वाळवाव्यात. अॅम्प्लिफायरच्या डोक्यावर ना डेक ठेवायचा, ना फिती.

दुसरा नियम डबी आत सोडून वीज बंद न करण्याचा. आधी डबी बाहेर, मग बटण. आतच राहिली तर फीत ड्रमला वेढलेल्या अवस्थेत अडकते आणि पुढच्या वेळी ती सोडवायला झाकण खोलावं लागतं.

हेड साफ करायची कोरडी कॅसेट मिळते. ती बारीक पॉलिश पेपरसारखी असते, आवाज टरटरला तरच लावा, आणि तीही दहा सेकंदांहून जास्त नाही. दर आठवड्याला सवयीनं लावली तर हेड तीच झिजवते. हातानं साफ करणं चांगलं, पण त्याला पद्धत आहे. वीज काढा. शॅमॉय कातड्याच्या काडीला शुद्ध आयसोप्रोपाइल अल्कोहोल लावा. काडी ड्रमच्या कडेला अलगद टेकवून स्थिर धरा आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं ड्रम वरून हळू फिरवा. काडी कधीही वर-खाली घासू नका, हेडचं टोक केसाहून नाजूक असतं आणि मोडतं. कानात घालायची कापसाची काडी तर नकोच, तिचे धागे त्या टोकात अडकतात. मग दहा मिनिटं वाळू द्या. पिंच रोलर पुसायला त्याच काडीची दुसरी बाजू वापरली तरी चालते, पण रबर कडक झालं असेल तर पुसून ते मऊ होणार नाही, बदलावंच लागतं.

वर्षानुवर्षं न हललेली फीत वाजवण्याआधी एकदा शेवटापर्यंत पळवून परत गुंडाळून घ्या. एकमेकांना चिकटलेले वेढे सुटतात, ताण सारखा होतो. आणि डबीच्या कडेची सरकती खाच सुरक्षित बाजूला आहे ना, ते आधी पाहा. एक चुकीचं बटण दाबलं तर बैठक पुसली जाते.

पैशाचं गणित

डॅट कधीच स्वस्त नव्हती. सोनीचा पहिला डेक, डीटीसी-१०००ईएस, १९८७ मध्ये जपानात सुमारे दोन लाख येनांना आला. अमेरिकेत घरगुती डेक पोचायला १९९० उजाडलं. मधली वर्षं भांडणात गेली. हुबेहूब नक्कल करणारं यंत्र घरोघर गेलं तर आमची विक्री बुडेल, असं रेकॉर्ड कंपन्यांचं म्हणणं होतं. गाण्यातून एक बारीक सूर कापून टाकायचा आणि तो सापडला नाही की डेकनं रेकॉर्ड करायला नकार द्यायचा, अशी एक योजनाही पुढे आली होती. अमेरिकेच्या सरकारी मापन संस्थेनं १९८८ मध्ये ती तपासली. सूर कापल्यामुळे संगीत बिघडतं आणि योजना चुकवणंही सोपं आहे, असं निघालं. अखेर तडजोड झाली ती डिजिटल नकलेची पुन्हा डिजिटल नक्कल न होऊ देणाऱ्या एससीएमएस नावाच्या खुणेवर. १९९२ च्या अमेरिकी कायद्यानं ती सक्तीची केली, शिवाय डेकवर २ टक्के आणि कोऱ्या फितीवर ३ टक्के रॉयल्टी बसवली. स्वतःच्या मुलीचं गाणं रेकॉर्ड करणाऱ्यालाही हीच खूण आणि हाच भार. मला हे तेव्हाही अन्यायाचं वाटलं, आजही वाटतं.

यामुळे घरगुती बाजार वाढलाच नाही. डॅट स्टुडिओ, आकाशवाण्या आणि हौशी रेकॉर्डिस्ट यांच्यापुरती राहिली. भारतात ती आली ती बहुधा परदेशातल्या नातेवाइकाच्या सामानातून. थोडे डेक बनले म्हणून सुटे भागही थोडेच. सोनीनं २००५ मध्ये डॅट यंत्रं बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. त्याचा थेट परिणाम आजच्या दुरुस्तीच्या खर्चावर दिसतो. नवा ड्रम मिळणं जवळपास अशक्य. दुरुस्ती म्हणजे एक डेक मारून दुसऱ्याला त्याचे भाग लावणं. हे करू शकणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी, आणि रेघ जुळवायला लागणारी खास मापाची फीत व उपकरणं त्याहून कमी जणांकडे.

म्हणून खर्चाचा विचार फितींच्या संख्येवरून करा. दहा-बारा फिती असतील तर डेक विकत घेण्याच्या किंवा मोठी दुरुस्ती करण्याच्या फंदात पडू नका, ध्वनी-संग्रहाचं काम करणाऱ्या जाणकाराकडून उतरवून घ्या. पन्नास-शंभर असतील आणि स्वतःचा डेक चालत असेल, तर रबर, ग्रीस आणि सफाई एवढा खर्च करून घरीच उतरवणं परवडतं. मृत डेकमध्ये नवा ड्रम शोधत बसणं कोणत्याही हिशेबात बसत नाही. जुना डेक घ्यायचा झालाच तर फोटो पाहून घेऊ नका. तुमची एक कमी महत्त्वाची फीत घेऊन जा, पूर्ण तासभर वाजवा, मग भराभर मागे-पुढे पळवा, आणि पाच-सहा वेळा आत-बाहेर करा.

एक अपवाद आहे. ज्या डेकवर रेकॉर्डिंग झालं तो घरात असेल तर तो भंगारात देऊ नका, बंद असला तरी. त्या डेकमध्ये फीत जराशी तिरपी धावत असेल, तर रेघाही तशाच तिरप्या लिहिल्या गेल्या आहेत. दुसऱ्या निरोगी डेकवर त्या फिती टरटरतील आणि त्या वाकड्या डेकवर वाजतील.

उतरवताना

डेकच्या मागे गोल किंवा प्रकाशाच्या तारेचं डिजिटल आउटपुट असतं. ते कॉम्प्युटरच्या तशाच इनपुटला जोडा. हेडफोनच्या भोकातून घेतलं तर आकडे आधी आवाज होतात आणि मग पुन्हा आकडे, त्यात विनाकारण घट होते. काम तितक्याच वेळात होतं, दोन तासांची फीत म्हणजे दोन तास. आवाज ४८ किलोहर्ट्‌झचा असेल तर फाइलही तशीच ठेवा, बदलू नका. तासाला सुमारे ६९० एमबी लागतात, म्हणजे शंभर फिती दीडशे जीबीत मावतात. आज ही जागा किरकोळ आहे. प्रती मात्र तीन ठेवा आणि त्यातली एक दुसऱ्या घरी.

चार तास मावावेत म्हणून कोणी लाँग प्लेवर रेकॉर्ड केलं असेल, तर ते ३२ किलोहर्ट्‌झ, १२ बिटांत असतं आणि प्रत्येक डेक ते वाजवत नाही. डेक घेण्याआधी किंवा काम देण्याआधी हे विचारून घ्या.

उतरवताना पूर्ण वेळ हेडफोन लावून बसा. टरटर कुठे झाली त्याची मिनिटं लिहा. हेड पुसून तेवढाच भाग पुन्हा घेतला तर तो बहुतेक वेळा नीट येतो. आणि सुरुवातीचं काही कापू नका. तबलजी हातोडीनं ठोकत तबला मिळवतो, कोणीतरी ‘पांढरी चार’ अशी पट्टी सांगतं, मागे कपबश्या वाजतात, एखादा ओळखीचा आवाज ‘पुढे या, पुढे या’ म्हणत लोकांना बसवत असतो. डबीवरच्या चिठ्ठीत फक्त राग आणि तारीख असते. ती बैठक कुणाच्या घरी झाली होती, हे पुष्कळदा त्या पहिल्या दोन मिनिटांवरूनच कळतं.